नविनकाकाची जागा

मसोलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला प्रितेशची चिकूची वाडी आहे. माती चांगली, पाणी चांगलं. पण वाडीच्या ऐन मध्यातून, खाडीपासून थेट घराच्या अंगणापर्यंत, एक लांबलचक सरळ जागा रिकामी पडलेली. तिथे नावाला झाड नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "रस्ता काढताय की काय?" आणि प्रितेशचं डोकं फिरायचं.

ती जागा त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, आपल्या थोरल्या भावासाठी राखून ठेवली होती. नविनकाका हवाई दलात पायलट होता. याच वाडीत वाढला, कॉलेज संपल्यावर भरती झाला, लढाऊ विमान उडवू लागला. सुटीवर आला की धाकट्याला म्हणायचा, "जागा साफ ठेव रे. एक दिवस इथेच उतरतो आणि तुला मागच्या सीटवर पट्ट्यांनी आवळून बसवून नेतो." एकाहत्तरच्या लढाईत तो सीमेपार हल्ल्याला गेला. सोबतचे परतले. त्याचं विमान पेटून कोसळताना त्यांनी पाहिलं होतं. घरी पदक आलं, देह आला नाही. आईवडील रडून मोकळे झाले. अण्णा मात्र जागा साफ करायला लागले, ते आजतागायत.

"अण्णा, काका जाऊन पन्नास वर्षं उलटली. आता तरी कलमं लावू द्या," हे सांगून सांगून प्रितेशची जीभ झिजली होती.

यंदा त्याने विचारलंच नाही. वाडीवरच्या रघ्याला घेऊन खड्डे काढले, कलमं लावली, प्रत्येकाला बांबूचा आधार बांधला. दुसऱ्या दिवशी जेवून बाहेर येतो तर सगळी आडवी. मोडलेलं एकही नाही. काठ्यांसकट सगळी घराकडे शेंडे करून निजलेली.

"डुकरं शिरली आणि तू झोपला होतास काय?" तो रघ्यावर खेकसला.

"डुकर मुळं उकरतं, शेठ," रघ्या म्हणाला. "असं निजवत नाय."

उभी केली, पुन्हा निजली. तेही भर दुपारी, खाडीवरचा वारा पडलेला असताना. मग प्रितेश स्वतःच ओट्यावर पहाऱ्याला बसला. जरा डोळा लागला असेल-नसेल, रॉकेलच्या वासाने तो दचकून उठला. समोर कलमं आडवी होती आणि त्यांच्यावर धूळ हळूहळू खाली बसत होती.

शेजारी अण्णा बसले होते. "परत गेला," ते म्हणाले.

"कोण परत गेला?"

"खाडीकडचे दोन ताड आडवे येतात रे. तेव्हा एवढे उंच नव्हते. उतरताच येत नाही त्याला."

प्रितेशने कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवसापासून अण्णांनी अन्न सोडलं. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून गेला, ती सुईही त्यांनी उपटून टाकली. "आधी ताड," एवढंच बोलायचे. प्रितेश चिडायचा, ओरडायचा आणि मग मागच्या दारी जाऊन डोळे पुसायचा. आई गेल्यापासून त्याला हा एकच हट्टी म्हातारा उरला होता, आणि तोही हातचा चालला होता.

"तोडून टाका ना ते ताड," त्याची बायको भाविका म्हणाली. "ताडीवाचून काय अडलंय आपलं? अण्णा जेवले म्हणजे झालं."

"तोडतो! कलमं पण उपटतो! सांग त्यांना, बावटा घेऊन उभा पण राहतो!"

सकाळीच रघ्याने दोन्ही ताड पाडले. शेंडे जमिनीवर आले तसा तो थबकला. खाडीच्या बाजूची पानं करपून काळी पडली होती. घराच्या बाजूची हिरवीगार.

"वीज पडली असेल," प्रितेश म्हणाला.

"परवा ताडी काढाया चढलो ना, तवा चांगली होती," रघ्या पुटपुटला आणि कोयता उचलून निघून गेला.

दुपारी अण्णा जेवले. बोंबलाचं कालवण भाताशी ओरपलं, वर आणखी भात मागितला. दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला, आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्या मोकळ्या जागेच्या मधोमध जाऊन बसले. प्रितेश ओट्यावरून बघत होता. कित्येक दिवसांनी त्याला हलकं वाटलं. बसू देत बसतात तर, ऊन लागलं की येतील मुकाट्याने.

वारा पडला.

वाडीतले पक्षी एकदम गप्प झाले.

अंगणातल्या दोरीवरचे कपडे सरळ आडवे झाले, घराच्या दिशेने. आवाज कसलाच नव्हता.

"अण्णा, आत या!"

अण्णांनी हात उंच केला. प्रितेशला नव्हे, खाडीकडे बघून.

"अण्णा, पुरे झालं आता! या म्हणतो ना!"

धूळ उठली. प्रितेश धावला. तो पोचेपर्यंत धूळ बसली होती.

अण्णा खुर्चीतच होते. मान मागे टेकलेली, पांढरे केस मागे फिरलेले, तोंडावर लहान पोराचं हसू. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल.

संध्याकाळी भाऊबंद जमले. अंगणात पाट मांडून देहाला अंघोळ घालायची म्हणून प्रितेशने सदऱ्याची बटणं काढली, आणि त्याचे हात थांबले. तांब्या धरलेला चुलतभाऊ मागे सरकला.

दोन्ही खांद्यांवरून खाली उतरलेले रुंद पट्ट्यांचे वळ होते, लालभडक, ताजे. आणखी दोन कमरेच्या बाजूंनी आलेले. चारही पोटावर जिथे एकत्र येत होते, तिथे कातडीत रुतलेला बकलाचा गोल ठसा होता.

"काय रे हे?" कोणीतरी विचारलं.

प्रितेशने घाईघाईने पांढरं कापड गळ्यापर्यंत ओढलं. "काही नाही," तो खेकसला. "पाणी ओता वरूनच."