जादा खोली

मखमलाबाद रस्त्यावर द्राक्षं पॅक करायची एक जुनी शेड होती. मालकाने धंदा पिंपळगावला हलवल्यावर ती चार-पाच वर्षं नुसतीच पडून होती. मग मागच्या हिवाळ्यात तिथे काम सुरू झालं. पत्रे बदलले, एका बाजूला छतापर्यंत काचा बसल्या, भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि फाटकावर पाटी लागली – 'आवार : समकालीन कला केंद्र'. समकालीन कला म्हणजे नेमकं काय, हे ढुंढिराज गायधनींना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. ते तिथे गेले ते बायकोसाठी, गोदावरीबाईंसाठी.

ढुंढिराज अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. घराण्यात भिक्षुकी, चुलतभाऊ अजून रामकुंडावर यजमानांच्या वंशावळीच्या वह्या सांभाळतो. यांनी मात्र पट्टी-पेन्सिल धरली ती कायमची. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची चूक असली तरी त्यांना ती लांबूनच खुपायची. मोजता येतं ते असतं, मोजता येत नाही ते नसतं, इतका साधा त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबावर त्यांचं आयुष्य सरळ चाललं होतं.

मग एकुलता एक मुलगा गौरांग डेंग्यूने नऊ दिवसांत गेला. सव्वीस वर्षांचा होता.

त्यानंतर अडीच महिन्यांत ढुंढिराजांनी पाथर्डी फाट्यावरचा मोठा फ्लॅट विकला आणि इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर एका बेडरूमचा घेतला. गौरांगचे कपडे, पुस्तकं, बॅडमिंटनच्या रॅकेटी, त्याची खाट, सगळं त्यांनी एका रविवारी देऊन टाकलं. दोघांना कशाला एवढी जागा, असं ते सगळ्यांना सांगत. गोदावरीबाई काहीच म्हणाल्या नाहीत. दीड वर्ष झालं, त्या कशालाच काही म्हणाल्या नव्हत्या. स्वयंपाक करायच्या, वाढायच्या, आणि दुपारी बेडरूममध्ये पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या.

केंद्राचे लोकांसाठीचे उपक्रम स्वानंदी क्षेमकल्याणी नावाची एक तरतरीत बाई बघायची. उद्घाटनाच्या आधी आसपासच्या बायकांना बोलवायचं, प्रत्येकीने आपल्या घराचा नकाशा आठवणीतून काढायचा आणि उद्घाटनाच्या दिवशी तेच कागद भिंतीवर लावायचे, अशी तिची कल्पना होती. नकाशा काढायचा कसा हे शिकवायला तिला कुणीतरी हवं होतं. ढुंढिराज तयार झाले, फक्त गोदावरीबाईही वर्गात बसतील अशी अट त्यांनी घातली. स्वानंदीला तर आनंदच झाला.

बुधवारी आणि शनिवारी, दुपारी तीन ते पाच. चौदा बायका येत. काही सिडकोतल्या, काही जवळच्या मळ्यांतल्या, गुलाब-झेंडू पिकवून गणेशवाडीच्या बाजारात विकणाऱ्या. ढुंढिराजांनी त्यांना पावलांनी अंतर मोजायला शिकवलं, एका फुटाला कागदावर किती घ्यायचं ते दाखवलं. बायका हसत, एकमेकींच्या कागदांत डोकावत. गोदावरीबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मान खाली घालून रेघा ओढत. त्यांच्या हातात पेन्सिल बघून ढुंढिराजांना कित्येक महिन्यांनी जरा बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात ते नकाशे तपासायला बसले. नवसाबाई काकड या मळ्यातल्या बाईचं घर तीन खोल्यांचं, असं तिने स्वतःच सांगितलं होतं. कागदावर चार होत्या. चौथी खोली स्वयंपाकघराच्या मागे होती आणि तिला दार नव्हतं. नवखी बाई, चुकली असेल, असं समजून त्यांनी तिथे लाल फुली मारली. पुढचा कागद भाग्यश्रीचा, सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. त्यात तीन. तिसरीला दार नव्हतं. गोदावरीबाईंचा घडी घातलेला कागद तेवढा बाजूला ठेवून त्यांनी बाकीचे सगळे टेबलावर पसरले. चौदापैकी अकरा घरांत एकेक खोली जास्तीची होती. मापं वेगळी, जागा वेगळी, पण दार एकीलाही नव्हतं.

त्यांनी वर्गात विचारलं. हसणाऱ्या बायका गप्प झाल्या. भाग्यश्री म्हणाली, आहे ती खोली, सर. कुणी कुणाला विचारून काढलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं, कारण त्या स्वतःच एकमेकींकडे घाबरून बघायला लागल्या होत्या.

ढुंढिराज असली गोष्ट तशीच सोडून देणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन ते स्कूटरवरून नवसाबाईच्या मळ्यात गेले. घर बाहेरून मोजलं, आतून मोजलं. तीनच खोल्या. स्वयंपाकघराच्या मागची भिंत बाहेरून उन्हात तापलेली, तिला लागून झेंडूचं वावर. आत त्याच भिंतीशी जमिनीवर एक कप चहा ठेवलेला होता. वाफ निघत होती.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

नवसाबाईने पदराने कपाळ पुसलं. "सर, आत जागा हाय. पण ती मोजायची नसती."

ती इतक्या साधेपणाने बोलली की त्यांना वाद घालायचं सुचलं नाही. परत येताना मात्र त्यांनी ठरवलं, बायकांच्या मनाचे खेळ, दुसरं काय.

गोदावरीबाईंचा कागद त्यांनी मुद्दामच शेवटी ठेवला होता. शनिवारी वर्ग सुटल्यावर तो उलगडला. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, सगळं बरोबर. आणि बेडरूमच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे आणखी एक खोली. त्यांनी पट्टी लावली. नऊ फूट बाय साडेदहा, ईशान्येचा कोपरा कॉलममुळे कापलेला. ती पाथर्डी फाट्यावरची गौरांगची खोली होती. आत एका बाजूला छोटा आयत काढला होता, खाटेचा. ज्या बाईला कधी इंच आणि फूट यांतला फरक नीट कळला नव्हता, तिने इंचाचीही चूक केली नव्हती.

"गोदा, ही खोली कुठली?"

"आपली."

दीड वर्षात त्यांनी ऐकलेला हा तिचा पहिला धड शब्द होता. तरी ते म्हणाले, "आपल्याकडे ही खोली नाही. त्या भिंतीपलीकडे काही नाही, खाली पार्किंग आहे."

"तुमच्याकडे नसेल," गोदावरीबाई म्हणाल्या.

त्यांनी खोडरबर घेतला आणि तिच्यादेखत ती खोली पुसून काढली. राग होता असं नाही. चुकीचा नकाशा भिंतीवर लागायला नको, एवढंच आपल्या मनात होतं, असं त्यांनी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. रेघा गेल्या, पण कागदावर पेन्सिलीचे चरे राहिले. गोदावरीबाईंनी टेबलावरची खोडरबराची भुकटी तळहातावर गोळा केली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून ठेवली.

उद्घाटन रविवारी सकाळी झालं. मुंबईहून पाहुणे आले होते, काचांतून लख्ख ऊन आत पडलं होतं, मळ्यातल्या बायकांनी आपल्याच गुलाबांच्या माळा दाराला बांधल्या होत्या. स्वानंदीने माईकवर प्रत्येकीचं नाव घेतलं. लोक नकाशांपुढे उभे राहून कौतुक करत होते. एक पाहुणे बराच वेळ एका कागदापुढे थांबले आणि म्हणाले, ह्यात कुणीतरी राहतंय असं वाटतं. ढुंढिराज बघायला गेले. तो गोदावरीबाईंचा कागद होता.

खोली परत आली होती. रेघा आधीपेक्षा गडद होत्या. कागद शनिवारपासून सकाळी भिंतीवर लावेपर्यंत केंद्राच्या कपाटात कुलपात होता, किल्ली स्वानंदीकडे होती, आणि गोदावरीबाई उद्घाटनाला येईपर्यंत घराबाहेर पडल्या नव्हत्या.

आणि खोलीत आता खाटा दोन होत्या.

ते वळले. गोदावरीबाई दाराशी नवसाबाईबरोबर उभ्या होत्या, आणि हसत होत्या. ढुंढिराजांना ते हसू इतकं परकं वाटलं की ते जवळ गेलेच नाहीत.

मंगळवारी दुपारी ते कागद उतरवायला मदत करून घरी आले. कुलूप उघडून आत गेले. गॅसवर कुकर होता, अजून गरम. गोदावरीबाईंचा चष्मा, मोबाईल, चप्पल जागच्या जागी. गोदावरीबाई नव्हत्या.

सोसायटीच्या कॅमेऱ्यात सकाळपासून त्या बाहेर पडलेल्या दिसल्या नाहीत. गच्ची, जिना, पाण्याची टाकी, सगळं बघून झालं. खिडक्यांना ग्रिल होतं. पोलिसांनी हरवल्याची नोंद घेतली, फोटो घेतला, बाईंची मनःस्थिती कशी होती ते विचारलं. ढुंढिराज म्हणाले, चांगली होती. दोन दिवसांपूर्वी हसल्यासुद्धा होत्या.

आठवड्याने ते मळ्यात गेले. नवसाबाई फुलं खुडत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "चप्पल न्हेली का त्यांनी?"

"नाही."

ती बराच वेळ फुलं खुडत राहिली. "मंग नाय यायच्या," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ढुंढिराज मोजायला लागले. बेडरूमची लांबी रोज सकाळी. खिडकीतून हात बाहेर काढून भिंतीची जाडी. सहा इंच, प्लास्टर धरून सात. त्यापुढे हवा, आणि खाली उभ्या गाड्यांचे टप. केंद्रात बायकांचा पुढचा गट सुरू झाला होता, स्वानंदीचे फोन येत, ते उचलत नसत.

मग एके दिवशी त्यांनी ड्रॉइंग बोर्ड काढला, कागद लावला आणि आपणच ती खोली काढायला बसले. नऊ बाय साडेदहा, कापलेला कोपरा, हात सहज चालला. चार भिंती झाल्या. आता खाट. खाट कुठल्या भिंतीला होती, ते त्यांना आठवेना. टेबल खिडकीखाली होतं की दारामागे? गौरांग कुठे डोकं करून झोपायचा? त्या खोलीची मापं त्यांना आडवी-तिडवी पाठ होती. ते एकवीस वर्षं त्या घरात राहिले होते. आत बसलेला मुलगा त्यांना एकाही भिंतीशी ठेवता येईना.

संध्याकाळपर्यंत ते त्या रिकाम्या चौकटीपुढे बसून होते. मग कागद काढून त्यांनी घडी घातली आणि पहिल्यांदाच रडले. ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला त्यांना वाटीवर चमचा वाजल्याचा आवाज आला. शेजारचा असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. पुन्हा आला. तो पूर्वेच्या भिंतीतून येत होता.

ते उठून जवळ गेले. भिंतीला कान लावला. भिंत कोमट होती.

पलीकडे गोदावरीबाई बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, पण आवाज त्यांचाच. सलग, न थांबता, घरातलं काही सांगावं तसा. मध्येच दुसरा आवाज येई, पुरुषाचा, तरुण, हुंकारापुरता. मग त्या पुन्हा बोलू लागत.

ढुंढिराजांनी भिंतीवर हलकेच टकटक केलं.

आवाज थांबले.

"गोदा," ते म्हणाले. "मी आहे."

कुणीतरी उठलं. अनवाणी पावलं भिंतीच्या दिशेने आली आणि अगदी जवळ येऊन थांबली. पलीकडचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"गौरांग?" ते म्हणाले. "बाळा, मला आत घे."

मग आतून कुणीतरी, आवाज होऊ नये अशा बेताने, सावकाश कडी लावली.