दोन मिनिटं उघडं कपाट

"एकालाही बसमध्ये चढू देऊ नका! शिक्का गायब आहे!"

टेकडीवरच्या संग्रहालयाचे व्यवस्थापक फोनवर ओरडत होते. गाइडबाईंचा एक पाय शेवटच्या पायरीवर, दुसरा तळ्याकाठच्या गवतात. त्यांची माणसं अजून मागे, वळणापलीकडे, धापा टाकत उतरत होती. बाई उतरताना नेहमी सगळ्यांच्या पुढे असत. कुणी घसरलं तर खाली धरायला कुणीतरी हवं.

"कुठला शिक्का?"

"शहराचा, ब्राँझचा! चावी तुमच्याकडे होती, आता तुम्हीच सांगा कुठे गेला ते. मी पोलिसांना घेऊन खाली येतोय."

फोन बंद झाला.

तळ्याकाठच्या बाकावर टोपीवाले काका बसले होते. पँटवरूनच गुडघ्याला बांधलेला जाड पट्टा, मांडीवर वर्तमानपत्र, कानात सहलीचं इवलंसं यंत्र. दोनशे चाळीस पायऱ्या माझ्याच्याने व्हायच्या नाहीत, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. बाईंचा चेहरा बघून ते मिश्कील हसले.

"काय मॅडम, पुन्हा फोन? दूध उतू गेलं वाटतं!"

बाई कसनुसं हसल्या. त्यांचं लक्ष नव्हतं.

दहा मिनिटांत वळणाच्या रस्त्याने जीप आली. तोवर सगळी मंडळी काठावर जमली होती. व्यवस्थापक उतरले ते हात पुढे करूनच.

"बिल्ला काढा."

गाइडच्या या बिल्ल्यासाठी बाईंनी चार वर्षं अर्ज केले होते. बाईमाणसाला रोज दोनदा एवढं चढणं झेपायचं नाही, असा शेरा तेव्हा याच व्यवस्थापकांनी मारला होता. त्यानंतर सोळा वर्षं बाई चढत होत्या. तरी दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्यांचं एक खुसपट ठरलेलं.

बाईंनी बिल्ला काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. व्यवस्थापकांनी खिशातून टाइप केलेला कागद काढला.

"सही करा. शिक्का तुमच्या ताब्यात असताना गेला, जबाबदारी तुमची, गाइडचं काम सोडते. मग पोलिसात तक्रार नाही."

"नाही करणार."

"मग चौकीवर जाल."

"जाईन. पण न केलेल्या चोरीवर माझी सही मिळायची नाही."

सोबत आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. आधी त्याने सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. काकांनीही हसत आपली पिशवी पुढे केली. कशातच काही नव्हतं. मग तो बाईंकडे वळला.

"शिक्का शेवटचा कधी पाहिलात?"

"सव्वाअकराला. रोज मी कपाट उघडते, शिक्का हातात घेऊन दाखवते, परत ठेवते."

"आणि कुलूप?"

"लगेच लावलं नाही. सगळ्यांना सज्जात जाऊन तळं बघायला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन बहिणीला फोन केला. दोन मिनिटं कपाट उघडं होतं. परत येऊन न बघताच कुलूप लावलं. ती चूक माझी."

"बघा! कबूल केलं!" व्यवस्थापक म्हणाले.

"चूक कबूल केली. चोरी नाही."

"सगळे सज्जात गेले हे कशावरून?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी माइकवर बोलते, ते यांच्या कानातल्या यंत्रात ऐकू येतं. सांगितलं की सगळे हलतात."

"किती लांबपर्यंत ऐकू येतं?"

"पन्नास पावलं. त्यापुढे नुसती खरखर. आमचे ड्रायव्हर खाली बसमध्ये बसतात, त्यांना विचारा."

ड्रायव्हरने मान डोलावली. "मी यंत्र कानात घालूनच बसतो, बाई उतरायला लागल्या की कळावं म्हणून. आज त्या खाली आल्या तेव्हा पहिला शब्द ऐकू आला."

"फोनवर काय बोललात?"

"घरचं होतं. हळूच बोलले."

यावर मंडळींमधले निवृत्त मास्तर खुदकन हसले. "हळू? बाई, माइक बंद करायला विसरलात तुम्ही! 'ताई, गॅसवर दूध ठेवून आलेय, आधी तो बंद कर.' आम्ही सज्जात सगळे हसत होतो."

पुन्हा हशा पिकला. बाई शरमेने लाल झाल्या. सोळा वर्षांत अशी फजिती झाली नव्हती.

आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग झर्रकन उतरला. त्या व्यवस्थापकांकडे वळल्या.

"सज्जाखालचं, जुन्या पायवाटेकडचं मागचं दार उघडं होतं?"

"ते बंद असतं."

"असतं की होतं?"

"प्रश्न विचारणारे साहेब आहेत, तुम्ही नाही."

"मग मीच विचारतो," अधिकारी म्हणाला. "दार उघडं होतं का?"

व्यवस्थापकांनी टाय सैल केला. "मी तिथे सिगारेट ओढतो. कडी लावायची राहते कधीकधी."

बाई बाकाकडे गेल्या.

"काका, तुम्ही वर आला होतात?"

"छे! गुडघ्याला विचारा."

"एक पायरीसुद्धा नाही?"

"एकही नाही."

"मग मी खाली पाय ठेवला तेव्हा दुधाचं तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

काकांचं हसू जागच्या जागी राहिलं. "यांच्यापैकीच कुणीतरी बोललं असेल."

"सगळे माझ्या मागे होते. तुमच्याशी बोलले ती मी पहिली."

"मग... कानात ऐकलं."

"इथे ड्रायव्हरांना खरखर येते आणि तुम्हाला माझ्या घरचा गॅस ऐकू येतो?"

कुणी हसलं नाही. बाईंचा आवाज आता तळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढा चढला होता.

"साहेब, माझं बोलणं ऐकायचं तर पन्नास पावलांच्या आत असायला हवं. हे मागच्या दाराशी उभे होते. सज्जात जा म्हटलेलं यांनी ऐकलं, म्हणजे खोली रिकामी झाली. मग माझा फोन ऐकला, म्हणजे मी खिडकीकडे तोंड करून होते. कधी आत शिरायचं ते मीच यांच्या कानात सांगत होते! शिक्का घेतला आणि जुन्या पायवाटेने आमच्या आधी इथे येऊन बसले. जो वर चढलाच नाही, त्याच्यावर संशय कोण घेणार? यांच्या पिशवीत काही नाही, बरोबर आहे. तो पट्टा सोडायला सांगा."

"हात लावू नका, फार दुखतं," काका पुटपुटले.

"दोनशे चाळीस पायऱ्या चढून आलाय, दुखणारच," अधिकारी म्हणाला.

पट्टा सुटला. लिंबाएवढा काळपट शिक्का गवतात पडला. मागच्याच महिन्यात येऊन सगळं हेरून गेल्याचं काकांनी जीपमध्ये बसण्याआधीच कबूल केलं.

व्यवस्थापकांनी शिक्का रुमालात गुंडाळला आणि बिल्ला बाईंपुढे धरला.

"घ्या. झालं गेलं विसरून जाऊ. मागच्या दाराचं वगैरे लिहायची काही गरज नाही आता." त्यांनी तो टाइप केलेला कागद घडी करून खिशात घालायला घेतला.

बाईंनी बिल्ला घेतला नाही. कागद मात्र त्यांच्या हातून काढून घेतला, बसच्या पायरीवर ठेवून उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर कपाट किती वाजता उघडं राहिलं ते खणखणीत अक्षरात लिहून खाली सही केली. मग पेन त्यांच्यापुढे धरलं. सगळी बस बघत होती.

"माझी दोन मिनिटं मी लिहिलीत. आता तुमचं उघडं दार आणि सोळा वर्षांची खुसपटं तुम्ही लिहा. मग बिल्ला घेते."

व्यवस्थापकांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी तळ्याकडे पाहत होता. शेवटी ते बसच्या पायरीवर वाकले आणि लिहू लागले.