उजव्या खुब्याचा गतिलेख

केतकी धनावडे तपासणीच्या बाकावर पालथी पडली होती. तिच्या डाव्या पायाच्या बोटांना सुई टोचली तरी तिला कळत नव्हते. उस्तादाची सवय शिकणाऱ्याच्या अंगात उतरवणाऱ्या तापोळ्याच्या गतिलेखन प्रयोगशाळेत असे पहिल्यांदाच घडले होते.

"कयाक दंडाच्या जोरावर चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको," ती म्हणाली. "पाय फळीवर रेटायचा, त्या बाजूचा खुबा मागं न्यायचा, की धड आपोआप वळतं. नुसती कंबर पिळली की मणका जातो. आमच्या आबांनी तीस वर्षं पोरांना हेच वल्हवणं शिकवलं. मग त्यांचीच सवय माझ्या अंगात लिहिल्यावर माझाच मणका कसा सरकला?"

डॉ. शलाका पेणकर पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "गतिलेखात हालचाल नसते, केतकी. मेंदूनं स्नायूंना दिलेल्या आज्ञा असतात. कटिपट्टा त्या आज्ञा तुमच्या मज्जातंतूंवर लिहितो. जुनी सवय पुसून, त्याच जागी."

"ते सही करताना वाचलंय मी."

"आबांच्या उजव्या खुब्याच्या आज्ञेला डाव्याच्या तिप्पट जोर आहे. आम्हाला वाटलं, हेच त्यांचं कसब. आता वाटतं, तो खुबा जखडलेला होता."

पट्टा बनवणारे हुसेन अत्तार कोपऱ्यात उभे होते. ते हळूच म्हणाले, "एक्स-रे काढू म्हटलं होतं मी. तर आबा म्हणाले, 'आरं अत्तार, वल्हं बघ की. हाडं मेल्यावर बघ.' मी हसलो. काढलाच नाही."

आबांना जाऊन वर्ष झाले होते.

"त्यांना तो खुबा हलवायलाच तेवढा जोर लागायचा," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा मोकळा आहे. तोच जोर लागला की खुबा टोकाला जातो आणि उरलेला पीळ मणक्यात उतरतो."

"जेवताना कधी मांडी घालायचे नाहीत," केतकी म्हणाली. "मला ती ऐट वाटायची." मग ती म्हणाली, "पट्टा लावल्यापासून आबा मागं बसून वल्हवतायत असं वाटायचं. जोर तेवढा कमी करा ना."

"मग बाकीच्या आज्ञा त्याच्याशी जुळणार नाहीत, ते त्यांचं वल्हवणं राहणार नाही. आणि आहे तसं ठेवलं तर तुमचा पाय जाईल."

अत्तारांनी पडद्यावर दुसरा आलेख आणला. उजव्या-डाव्या खुब्यांच्या दोन रेषा, एकमेकींसारख्या, एकसारख्या वळणाऱ्या. "असं वळायला हवं."

केतकी बघत राहिली. "हे कुणाचं? आबांना तर जमलंच नसतं."

"तुमचं. पट्टा लावण्याच्या आदल्या दिवशीचं."

"माझं?" ती कोपरावर उठली. "मग हेच परत लिहा की!"

"ही नुसती हालचाल आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हिच्यामागच्या आज्ञा आम्ही नोंदल्या नाहीत. नोंद उस्तादाची घेतात. शिकणाऱ्याची घ्यायची पद्धत नाही."

"आबांचा लेख काढला, तर त्या जागी काय राहील?"

"काही नाही. वल्हवायला पहिल्यापासून शिकावं लागेल."

केतकीने हनुवटी पुन्हा बाकावर टेकवली. त्या दोन रेषा तिने शेवटपर्यंत, अगदी सावकाश पाहिल्या.

"काढा," ती म्हणाली.