सहा ते दहाच्या मधला घास

धोंडूचा ताप उतरलाय हे कळलं आणि सगुणाने लगेच त्याची नाडी धरली.

सकाळचे दहा वाजले होते. सहाला एकशे तीन असलेला पारा आता सत्त्याण्णवावर होता. नाडी मात्र शंभरावरून एकशे चाळीसवर गेली होती, आणि पोट फळीसारखं घट्ट लागत होतं. उशाशी बसलेल्या त्याच्या आईने, यमुनाबाईने, हात जोडले.

"उतरला ना, बाय?"

सगुणाने पुन्हा एकदा पोट चाचपलं. मुदतीच्या तापात, म्हणजे टायफॉईडमध्ये, आतड्याला आतून जखमा होतात. ताप एकाएकी पडला आणि नाडी चढली, की जखम फुटली असं समजायचं, हे ती मुंबईला नर्सिंग शिकताना घोकून आली होती. तिने डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. मग बोरॅक्सच्या पाण्यात बोळा बुडवून धोंडूचं तोंड पुसलं, कारण दहा वाजता तोंड पुसायचं असतं. जीभ चिरलेली, हिरड्या सुजलेल्या. बोळा स्वच्छच बाहेर आला. थोड्या वेळाने धोंडूला उलटी झाली, आणि चार वाजता तो गेला. पूर्णगडचा खलाशी, वय बावीस, तापाचा एकोणिसावा दिवस.

मांडवीच्या वाटेवरचं हे धर्मादाय इस्पितळ उघडून तीन वर्षंच झाली होती, आणि डॉक्टर फणसळकर नावाला फार जपत. उलटीचं भांडं पाहून ते म्हणाले, "भाताची कणी. जनीशिवाय दुसरं कोण?"

जनी इस्पितळातली आया. मागच्याच महिन्यात तिने एका तापकऱ्याला दया येऊन पेजेतली शितं भरवली होती, तेव्हा डॉक्टरांनी तिला शेवटची ताकीद दिली होती. तिला नवरा नव्हता, पदरात दोन मुली होत्या. उद्या सकाळी तिला काढायचं आणि पोलिसांत वर्दी द्यायची, असं डॉक्टरांनी जाहीर केलं.

सगुणाला वाईट वाटायला हवं होतं. पण तिला धोंडूचं काही वाटत नव्हतं, की जनीचं. आतून सगळं बधिर झालं होतं, आणि त्याचीच तिला थोडी भीती वाटली. करण्यासारखं काही हवं म्हणून ती भांडं धुवायला घेऊन गेली.

तिथे तिने एक पांढरा कण चिमटीत धरून चुरडला. शीत असतं तर त्याचा लगदा झाला असता. हा चोथट राहिला, आणि बोटांना तेलकटपणा लागला. ते खोबरं होतं. कण बारीक होते, पण किसल्यासारखे एकसारखे नव्हते.

तिने जनीला गाठलं.

"सकाळी सहानंतर त्याच्या खाटेजवळ कोण कोण होतं?"

"त्येची आयस. आनी मी, भांडा द्यायला."

"यमुनाबाई उठल्याच नाहीत?"

"आठाला उठल्या. नळावर चूळ भरीत व्हत्या. बाय, मी काय दिला नाय. पोरींची आन."

सगुणाने मान डोलावली. यमुनाबाईने पोरगा उठेपर्यंत दिवसाचं अन्न सोडलं होतं. दिवे लागल्यावर दूध, तेवढंच. सकाळचा चहासुद्धा तिने तीनदा परत केला होता.

कुंपणाशी धोंडूचा मामा भागोजी उकिडवा बसला होता. तो आदल्या रात्री बैलगाडीने निघून सात वाजता पोचला होता, पण भेटीची वेळ नसल्यामुळे पहारेकऱ्याने त्याला आत सोडलं नव्हतं.

"येताना काय आणलंत?"

"देवाचा नारळ. काल गुरवानं धोंडूसाटी देवाकडं गाराणा घातलान, त्येतली अर्धी कवड. खिडकीतनं बहिनीच्या हातात दिली."

"धोंडूला काही द्यायचं नाही, हे ठाऊक नव्हतं?"

"तीच म्हनाली, नर्सबाईनं सांगितलाय, मना सगला म्हाइत हाय. पन गाराण्याचा नारळ आजाऱ्याच्या पोटात नको जायला? न्हायतर देवाच्या कानावर गेलेला फुकट."

सगुणा वळली. यमुनाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. सगुणा तिच्याजवळ बसली, तिने एकच प्रश्न विचारला, उत्तर ऐकून घेतलं आणि ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

जनीला तिथे आधीच उभं केलं होतं. डॉक्टर कागद पुढे ओढून बसले होते.

"जनीने काही केलेलं नाही," सगुणा म्हणाली. "भांड्यात भात नाही, खोबरं आहे. तुम्हीच चुरडून बघा. अर्धी कवड सात वाजता मामाने दिली, आणि ती यमुनाबाईंच्या हातात होती."

"रोग्याने ती घेऊन खाल्ली असेल."

"त्याला पाणीसुद्धा चमच्याने पाजत होतो. शिवाय दहा वाजता मी त्याचं तोंड पुसलं. खोबरं चावलं असतं तर दातांत चोथा सापडला असता. काहीच नव्हतं. इथे किसणी नाही. म्हणजे खोबरं दुसऱ्या कुणीतरी चावलं. आता, पहाटेच तोंड धुऊन बसलेली, चहासुद्धा न घेणारी बाई आठ वाजता पुन्हा चूळ कशाला भरते?"

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "आईने? तिला तर तुम्ही बजावलं होतं."

"बजावलं होतं. माझे शब्द होते, त्याला चावायला लागेल असं काही देऊ नका." सगुणाचा आवाज रोजच्यासारखाच सपाट होता. "मी आत्ता त्यांना विचारलं, नारळाचं काय केलंत. त्या म्हणाल्या, 'तेला कुठं चावायला लागला, बाय? मीच चावलाय. त्यो तान्हा व्हता तवा भरवायची तसाच भरवलाय. मी एक कन गिळला नाय.' चावू नये म्हणजे दात दुखतील, दम लागेल, एवढंच त्या समजल्या. आतड्याला जखमा आहेत, चोथा तिथे घासतो, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. त्यांना काय कळायचं, असं मला वाटलं होतं."

डॉक्टरांनी जनीकडे पाहिलं. जनी पदराने तोंड झाकून रडत होती.

"त्यांना कळलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. देवाचा नारळ पोटात गेला, एवढ्यावरच त्या उभ्या आहेत."

"वर्दीत कुणाचं तरी नाव लिहावं लागेल, सगुणाबाई."

"माझं लिहा. सूचना अपुरी दिली म्हणून."

"मग तुम्हाला इथे ठेवता यायचं नाही."

"जनीला ठेवा," ती म्हणाली.

ती बाहेर आली. भागोजीने बैलगाडी दाराशी आणली होती. यमुनाबाईने सगुणाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आतमंदी जनी रडत व्हती. मगाशी तुमी नारळाचा इचारलाव." तिने सगुणाच्या तोंडाकडे पाहिलं. "बाय, माजा काय चुकला काय?"

"नाही," सगुणा म्हणाली. "मी सांगितलं तसंच तुम्ही केलंत."

यमुनाबाईने सगुणाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा ती आई रडली. सगुणा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.