न्यायाधीशबाईंचा जळफळाट

"मीठ नका घालू. मुळ्याच्या किमचीचं पाणी ओता, मग बघा," समोरचा परका माणूस म्हणाला.

रविवारची सकाळ होती. लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिक रस्त्यावरचं ते हाडांच्या सूपचं हॉटेल खच्चून भरलेलं, म्हणून वाढणाऱ्या मावशींनी दोन अनोळखी जिवांना एकाच टेबलावर बसवलं होतं. वाफेने त्याचा चष्मा पांढरा झाला होता. त्याने अंदाजानेच त्या लाल कोरियन लोणच्याचं भांडं पुढे सरकवलं आणि हेरिन ग्वाकच्या नव्या स्वेटरवर लाल शिंतोडा उडाला.

दुसरी कुणी असती तर खवळली असती. हेरिनला हसू आलं. तिला काय करायचं ते कुणी सांगितलं, याला कैक वर्षं झाली होती. सांगणार तरी कोण? बाई न्यायाधीश. ती दिसली की लोक उठून उभे राहतात, सूप कसं प्यायचं ते शिकवत नाहीत. त्याचं नाव इन्सू. गप्पा झाल्या, नावं झाली… पण कोण काय करतं, हे मात्र दोघांनीही विचारलं नाही.

सोमवारी तिच्या कोर्टात नवा दुभाष्या आला. शपथेसाठी त्याने उजवा हात वर केला, मान वर केली, आणि काळ्या झग्यातली हेरिन पाहून तो हात तसाच अधांतरी राहिला. इमानेइतबारे भाषांतर करीन, असं म्हणताना तो दोनदा अडखळला. हेरिनने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. आतून मात्र बाई पार विरघळली होती.

खटला पांग आजींचा होता. शेजाऱ्याने त्यांचं तेंदूफळाचं झाड कापलं होतं. का, तर पिकलेली फळं त्याच्या गाडीवर पडतात म्हणून. आजींना इंग्रजी येत नव्हतं. हेरिनला कोरियन घरचीच. पण कोर्टाचा नियम असा, की दुभाष्या सांगेल तेवढंच धरायचं. मूळ बोलणं न्यायाधीशाने ऐकूनही न ऐकल्यासारखं करायचं. आता आजींच्या शिव्या हेरिनला आधीच कळायच्या, आणि मग इन्सू घसा खाकरून, जपून, एकेक शब्द इंग्रजीत मांडायचा. "त्या मेल्याच्या हाताला बुरशी लागो," हे त्याने असं काही गंभीरपणे सांगितलं की हेरिनला पाण्याच्या ग्लासाआड तोंड लपवावं लागलं. त्याने ते पाहिलं. तिने, त्याने पाहिल्याचं पाहिलं…

मग काय, दर रविवारी सूप. सूप पिणं म्हणजे काही नातं नव्हे, असं ती स्वतःला बजावायची. कोर्टात काम करणाऱ्याशी जवळीक असली तर न्यायाधीशाला ती उघड सांगावी लागते, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण उघड सांगायला आधी ती असायला हवी ना! आणि आहे की नाही, हे दोघांपैकी कुणी बोलायलाच तयार नव्हतं.

आणि मग त्यात क्लॅरिस मून आली. आजींची वकील. तरुण, हुशार, दिसायला देखणी. देवाने देताना हात आखडता घेतला नव्हता. ती इन्सूसाठी कॉफी आणायची. त्याच्या कोटावरचा दोरा उचलायची. आणि एक दिवस तिने भर कोर्टात त्याला "ओप्पा" म्हणून हाक मारली. पोरी थोरल्या भावाला ओप्पा म्हणतात, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही. इन्सू काही हिचा भाऊ नव्हता. हेरिनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या उंच खुर्चीवरून तिला मात्र त्याला फक्त दुभाष्या म्हणता येत होतं.

शुक्रवारी क्लॅरिस इन्सूच्या बाहीवर हात ठेवून काहीतरी कुजबुजली, तो हसला, आणि लगेच ती उठून म्हणाली की तिला आणखी एक साक्षीदार आणायचाय, झाड कापताना पाहिलेला एक माळी.

"नामंजूर," हेरिन म्हणाली. वाक्य पुरं व्हायच्या आतच.

आजींनी काय झालं म्हणून विचारलं. इन्सूने सांगितलं. मग त्याने हेरिनकडे पाहिलं, आणि या खेपेला त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

रविवारी तो नेहमीच्या टेबलावर आला खरा.

"क्लॅरिसने गाण्याच्या कार्यक्रमाला बोलावलंय," तो म्हणाला. "जाऊ का?"

"मला काय विचारता? कोर्टाचा यावर काही हुकूम नाही."

"कोर्टाला कुठे विचारतोय मी…"

हेरिनने सूपमध्ये मीठ टाकलं. मग पुन्हा टाकलं. "जा की. ओप्पा म्हणणाऱ्या काही रोज भेटत नाहीत."

इन्सूने चमचा खाली ठेवला. "म्हणून त्या माळ्याला आणू दिलं नाहीत?"

"खटल्याबद्दल इथे बोलायचं नाही," ती म्हणाली आणि सूप तसंच टाकून उठली.

घरी आली, तरी इन्सूचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. तिचे बाबा चपला शिवायचे. ती लहान असताना एकदा त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं होतं, आणि न्यायाधीशाने मान वर न करताच निकाल देऊन टाकला होता. निदान एकदा माझ्याकडे पाहायचं तरी, एवढंच बाबा घरी येताना म्हणाले होते. त्या एका वाक्यासाठी ती वकील झाली, मग न्यायाधीश झाली. चेहरा पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हा तिचा नेम होता. शुक्रवारी तिने आजींचा चेहरा पाहिलाच नव्हता. तिला फक्त एक बाही दिसली होती आणि त्या बाहीवरचा हात. तिला स्वतःची लाज वाटली.

कारण न सांगता खटला सोडता येत होता, नियमाने मुभा होती. पण मग लोक क्लॅरिसकडे बोट दाखवणार, पोरीनेच काहीतरी भानगड केली असणार म्हणून. आणि कारण सांगावं, तर इतक्या वर्षांचं नाव मातीत. सगळं कोर्ट हसणार, आणि इन्सू तिच्या कोर्टात पुन्हा पाऊल ठेवू शकणार नाही.

सोमवारी ती खुर्चीवर बसली आणि आधी पांग आजींकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"मी हा खटला सोडते आहे," ती म्हणाली. "शुक्रवारचा माझा हुकूम रद्द. माळ्याला बोलावायचं की नाही, ते नवे न्यायाधीश नव्याने ठरवतील."

इन्सू आजींच्या कानाशी वाकून सांगत होता. क्लॅरिस उठली. तिचा चेहरा उतरला होता. "मॅडम, माझं काही चुकलं का?"

"तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे. मला मत्सर वाटला."

इन्सू थांबला. बोलणाऱ्याचा 'मी' दुभाष्याने तसाच ठेवायचा असतो. "मला मत्सर वाटला," तो आजींना कोरियनमध्ये म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"कुणावरून?" आजींनी खणखणीत आवाजात विचारलं.

आता हेही सांगणं भाग होतं. "आजी विचारताहेत… कुणावरून?"

"दुभाष्यावरून."

क्लॅरिस मटकन खाली बसली. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. ऐकू आलं नाही तर दुभाष्याला पुन्हा विचारता येतं. फक्त तेव्हाही त्याने स्वतःला मी म्हणायचं नसतं.

"दुभाष्याची विनंती आहे," इन्सू हळूच म्हणाला, "की शेवटचं उत्तर पुन्हा सांगावं."

"ऐकू नाही आलं?"

"आलं… पुन्हा ऐकायचंय."

इतक्या वर्षांत त्या खुर्चीवरून हेरिनने कोरियनचा एक शब्द उच्चारला नव्हता. ती थोडी पुढे वाकली.

"तुमच्यावरून," ती कोरियनमध्ये म्हणाली. "ती तुम्हाला ओप्पा म्हणते, ते मला सहन होत नाही."

नोंद घेणाऱ्या बाईंनी यंत्रावरची बोटं उचलली; त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. पांग आजींना सगळं कळलं होतं. त्यांनी इन्सूच्या पाठीत एक धपका घातला.

"लोकांचं बोलणं पुरे झालं," त्या म्हणाल्या. "आता स्वतःचं काहीतरी बोल."