बाकावरची जागा

ताईला आणायला मी दुपारीच निघाले. मनात भीतीबिती काही नव्हती, नुसता राग होता. लहानगी लेक गेल्यापासून ती त्या घरात एकटीच राहत होती. जेवायचीसुद्धा कुणीतरी आठवण करून द्यावी लागे. आमच्या ह्यांनी मागची खोली तिच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. या वेळी तिचं एक ऐकायचं नाही, असं ठरवूनच गेले.

ताई चित्रकार. आयुष्यभर तिनं एकच काढलं, आपली बाग. खिडकीशी बसून तीच गुलाबांची रांग, तोच हौद, तोच बाक. "अगं, दुसरं काही सुचत नाही का तुला?" म्हणून मी चिडवायचे, ती हसायची. बाकावर लेक बसलेली असे. लेक गेल्यावरही ताई बाग काढत राहिली, पण बाकावर तेवढी जागा कोरी सोडायची. भिंतीभिंतीवर टांगलेली ती चित्रं मला बघवत नसत.

मी पोचले तेव्हा ती रंगवतच होती. घरात टर्पेंटाइनचा वास कोंडला होता.

"बॅग कुठंय?" मी दारातूनच विचारलं.

"भरलीय. एवढं झालं की येते."

ताई, आणि एका शब्दात तयार! मला तर खरंच वाटेना. खुर्ची ओढून तिच्या मागे बसले. त्या कोऱ्या जागेत ती स्वतःला काढत होती. अंगावरचा करडा स्वेटर, पिकलेले केस. चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरवून तिनं ब्रश ठेवला. बाहेर पाखरांचा कलकलाट चालला होता, तो एकाएकी थांबला.

"चल," ती म्हणाली.

गाडीत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घरी वाढलं तेवढं जेवली, विचारलं तेवढं बोलली. संध्याकाळी चहाचं उकळतं पातेलं तिनं चिमट्याशिवायच उचललं.

"अगं, भाजेल!" मी ओरडले.

तिनं तळहात दाखवला. साधा लालसुद्धा झाला नव्हता.

"आता काही वाटत नाही गं," ती म्हणाली. "बरंय."

"सावरतेय ती," हे माझ्या कानाशी पुटपुटले. मला मेलीला आनंदानं रडू फुटलं.

सकाळी ती ओट्याशी पाठमोरी बटाटे सोलत होती. फोन वाजला. तिच्या बागेतले माळीकाका होते.

"बाई, काल ताईंना न्यायला येणार होतात ना?"

"नेलं की!"



"असं कसं... त्या इथंच आहेत. बाकावर. हाका मारतोय, पण बोलत नाहीत... अंग गार पडलंय हो... मांडी तेवढी ऊबदार आहे. डॉक्टरांना बोलावू का? उचलून आत नेऊ का?"

मी फोन धरून तशीच उभी. भीतीसुद्धा वाटेना. ओट्याशी सोलण्याचा आवाज थांबला होता.

"उचलू नका म्हणावं," ताई न वळता म्हणाली. "पोर जागी होईल."