राजाची दाढी आणि गुलाबी मलम

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक उंच तरुण उभा होता. हनुवटी लालभडक.

"खाज थांबेल असं काहीतरी जहाल द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

मला राहवलं नाही. "जहाल मलम चेहऱ्याला लावतं का कुणी? ते गुलाबी कॅलामाइन घ्या. साधं, गार."

तो वळला... आणि बघतच राहिला. "डॉक्टर आहात?"

"छे! समोरच्या नाटक कंपनीत दाढ्या चिकटवते."

"मग नमस्कार घ्या. तुमचा नवा राजा मीच. आधीच्या कंपनीतल्या डिंकानं ही दशा केलीय."

आमचा डिंकही त्याला मानवला नाही. प्रयोग संपला की तो रंगपटात माझ्या खुर्चीत बसायचा. मी तेलाच्या बोटांनी हलकेच दाढी सोडवायची, गार पाण्यानं गाल पुसायची, कापसानं गुलाबी मलम टिपायची. तो डोळे मिटून घ्यायचा. बाहेर सामान आवरल्याचे आवाज... आत नुसता त्याचा श्वास. माझा हात उगाच सावकाश चालायचा.

एकदा ऐन शपथेच्या प्रवेशात राजानं कराकरा हनुवटी खाजवली. प्रेक्षक खो खो हसले.

"पुन्हा खाजवलंस तर राजा बदलला म्हणून समज!" मॅनेजरकाका गरजले.

त्या रात्री मलम टिपताना मी म्हटलं, "मलमानं नुसती आग शमते हो. मूळ दुखणं डिंकाचं. स्वतःची दाढी वाढवा, म्हणजे सुटाल."

बोलले खरी, पण लगेच मनात आलं... दाढी आली की ही खुर्ची रिकामी राहणार होती...

पुढच्या प्रयोगाला तो आला, तर गाल तुळतुळीत!

"वाढवली नाहीत?"

"येतच नाही मला."

"थापा! संध्याकाळी गालांवर सावली धरते ती कसली?"

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "वाढवली असती... पण मग तुमच्यापाशी कशाला आलो असतो?"

कानशिलं तापली माझी. डिंकाची बाटली बंद केली, बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि त्याच्या गालावर एकेक केस रेखायला बसले. चिकटवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. दोघांनाही घाई नव्हती.

शपथेच्या प्रवेशात मी विंगेत श्वास रोखून उभी. राजाचा हात तलवारीवरून हलला नाही. टाळ्या पडल्या.

परत आला तो पुन्हा खुर्चीत बसला.

"आज मलम कशाला? खाजतंय कुठे?"

"नाही," तो म्हणाला, "सवय झालीय... तुमच्या हाताची."

मी तरीही कापूस बुडवला. गालावरचा रंग पुसता पुसता, आरशात न बघता, बोलून टाकलं—

"दाढी वाढवा तुम्ही. घरी रोज कातरून द्यायला... मी आहे ना."